‘फुल इन्शुरन्स’मध्ये काय येत नाही: गाडी, घर आणि प्रवासाची पॉलिसी कशी वाचावी

गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘आपला फुल इन्शुरन्स आहे’. या नावाची पॉलिसी कोणतीही कंपनी विकत नाही. विकतात ती ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’, आणि तिच्यात काय बसतं ते एजंटच्या बोलण्यावर नाही, कागदावर ठरतं.

तो कागद पहिल्या पानापासून वाचू नका, कंटाळून सोडून द्याल. आधी शेड्यूल बघा, मग ‘काय मिळणार नाही’ची यादी, मग अटी आणि सगळ्यांत शेवटी ‘काय मिळेल’. शेड्यूल म्हणजे तुमचं नाव, गाडीचा इंजिन आणि चासी नंबर किंवा घराचा पत्ता, विम्याची रक्कम, तारखा आणि जादा हप्ता भरून घेतलेली ॲड-ऑन यांचं एक-दोन पानी पत्रक. माहितीपत्रकात दहा ॲड-ऑन छापलेली असोत, शेड्यूलवर जिचं नाव नाही ती तुमच्याकडे नाही. चासी नंबरातला अंक किंवा घराचा कार्पेट एरिया चुकला असेल तर लगेच ईमेल करून दुरुस्ती मागा. तिला एन्डॉर्समेंट म्हणतात. क्लेम आल्यावर मागितलेली दुरुस्ती संशयानेच बघितली जाते.

गाडी

कायद्याची सक्ती फक्त थर्ड पार्टीची. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला किंवा दुखापत झाली तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई कंपनी देते, त्याला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी कारला साडेसात लाखांची मर्यादा असते. तुमच्या स्वतःच्या गाडीला यातून छदामही मिळत नाही. ती बाजू ‘ओन डॅमेज’ची.

इथेच नव्या कारवाले फसतात. शोरूममधून मिळालेल्या पॉलिसीवर तीन वर्षांची तारीख दिसते, पण ती थर्ड पार्टीची. ओन डॅमेज बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. दुसऱ्या वर्षी ‘विमा आहे की’ म्हणून कोणी नूतनीकरण करत नाही, आणि खांबाला घासलेला दरवाजा पदरच्या पैशाने बदलावा लागतो. शेड्यूलवर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या वेगवेगळ्या बघा.

पुढचा आकडा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर जास्तीत जास्त हीच रक्कम मिळते. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या आजच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून काढतात: दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४०, पाचव्यात ५०. ऑनलाइन हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्हीची पट्टी डावीकडे सरकवण्याचा मोह आवरा. वाचतात हजार-पाचशे, चोरीच्या दिवशी जातात पन्नास-साठ हजार.

आता बिलाचा हिशेब. नवा भाग बसवताना विमा कंपनी जुन्याचा घसारा कापते. साडेतीन वर्षांची, १५०० सीसीच्या आतली कार समोरून ठोकली, असं धरू. जीएसटी बाजूला ठेवू.

बंपर ९,००० रुपये. प्लास्टिक, म्हणून ५० टक्के कापले: ४,५००.
हेडलाइट १४,०००. तोही प्लास्टिकमध्ये धरतात: ७,०००.
बॉनेट १२,०००. पत्रा, चौथ्या वर्षात २५ टक्के: ३,०००.
पुढची काच ८,०००. काचेला घसारा नाही.
रंगकाम १०,०००. यातला पाव हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचे निम्मे कापतात: १,२५०.
मजुरी ६,०००. कापत नाहीत.

बिल ५९,०००, घसारा १५,७५०. त्यावर सक्तीचा डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला तुम्ही सोसायची रक्कम, १,००० (१५०० सीसीच्या वर असेल तर २,०००). कंपनी देणार ४२,२५०, तुमच्या खिशातून १६,७५०. शिवाय कूलंट, ऑइल, नट-बोल्ट, क्लिपा हे ‘कन्झ्युमेबल’ वेगळे कापले जातात. ‘क्लेम पास झाला, मग पैसे कसले मागता’ म्हणून काउंटरवर भांडण होतं ते याच कापाकापीवरून, आणि त्यात गॅरेजवाल्याचा बहुधा दोष नसतो. घसारा न कापणारी ‘झिरो डेप’ ॲड-ऑन असती तर हेच प्रकरण १,००० रुपये अधिक कन्झ्युमेबलवर मिटलं असतं. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला ती घ्यावीच. मात्र वर्षातून किती क्लेमना ती लागू आहे ते शेड्यूलवर बघा. अनेक ठिकाणी दोनच.

प्रत्येक ओरखड्याला क्लेम करू नये, याचंही गणित आहे. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचतो (पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५०). ओन डॅमेजचा मूळ हप्ता १२,००० असेल तर तुम्ही ६,००० भरता. एक क्लेम केलात की बोनस शून्य. पुढची पाच वर्षं १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० भरून मग पुन्हा ६,०००. जास्तीचे झाले १५,०००. म्हणजे सात-आठ हजारांचा दरवाजा क्लेममध्ये घालणं हा आतबट्ट्याचा व्यवहार, बोनस टिकवणारी ॲड-ऑन नसेल तर. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून पत्र घेतलंत तर तो नव्या गाडीला लावता येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र तो गेला.

पावसाळ्याचा विषय वेगळा लिहावाच लागतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर तरी हे मुंबईत प्रत्येकाला पाठ असायला हवं होतं. पुरामुळे झालेलं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. सीट, वायरिंग, कार्पेट सगळं. पण पाण्यात उभी असलेली गाडी तुम्ही सुरू केलीत तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने नाही, चावी फिरवल्याने झालं, असं म्हणून कंपनी ते ‘परिणामी नुकसान’ धरते आणि इंजिन वगळते. म्हणून:

१. पाणी ओसरल्यावरही चावी फिरवू नका, बटण दाबू नका, धक्का मारून सुरू करू नका.
२. पाण्याची रेघ आणि नंबर प्लेट एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा, नंतर आतल्या सीटपर्यंतचे.
३. सुरक्षितपणे हात पोचत असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हात लावू नका.
४. कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या, मगच गाडी उचलायला लावा. साध्या पॉलिसीत टोइंगचे १,५०० रुपयेच मिळतात. त्यावरचं रोडसाइड असिस्टन्सच्या ॲड-ऑनमधून.
५. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही खोलू देऊ नका.

‘इंजिन प्रोटेक्ट’ ॲड-ऑन असेल तर इंजिनही मिळतं, पण तिच्यातही वारंवार सेल्फ मारल्याबद्दल वगळणूक असू शकते. ते कलम शोधून वाचा.

बाकी नकाराची कारणं ठरलेली आहेत: चालवणाऱ्याकडे वैध लायसन नाही, दारू प्यायलेला होता, पांढऱ्या पाटीची (खासगी) गाडी भाड्याने धावत होती, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसी आणि पॉलिसी दोन्हींवर चढवलेलं नाही. चोरीच्या क्लेमला दोन्ही चाव्या मागतात, तेव्हा दुसरी चावी कुठे आहे ते आजच बघून ठेवा. जुनी गाडी विकत घेतली असेल तर १४ दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप गाडीबरोबर येते, ओन डॅमेज येत नाही.

घर

गृहकर्ज घेताना बँकेने ‘विमा’ म्हणून जे कापून घेतलं ते नेमकं काय, हे आधी तपासा. पुष्कळदा तो कर्जदाराचा जीवनविमा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटतं. घर जळलं तर त्यातून काही मिळत नाही.

१ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी द्यावी लागते, त्यामुळे घराची तुलना गाडीपेक्षा सोपी झाली आहे. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, जमीन खचणं, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं तिच्यात आहे. बाहेरची वस्तू आदळून झालेलं नुकसानही आहे, झाड पडणं धरून. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर कौलांवर माड-पोफळी कोसळल्या, तो प्रकार यात बसतो.

रक्कम काढताना बाजारभाव घेऊ नका. जमिनीचा विमा नसतो, बांधकामाचा असतो. पुण्यातला ६५० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट ८० लाखांना घेतला असला तरी बांधकामाचा दर चौरस फुटाला २,५०० धरला तर रक्कम होते १६ लाख २५ हजार. घरातल्या सामानाला याच्या २० टक्के, म्हणजे सव्वातीन लाख, आपोआप मिळतात (कमाल १० लाख). त्याहून जास्त सामान असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांना वेगळं कलम आहे, त्यांची किंमत आधीच ठरवून घ्यावी लागते. रोख रक्कम कशातच येत नाही.

सर्वात मोठा गैरसमज चोरीचा. या पॉलिसीत घरफोडी नाही. आग किंवा पुरासारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच यात धरतात. गावाला गेल्यावर कडीकोयंडा तोडून झालेली चोरी हवी असेल तर ‘बर्गलरी’चं संरक्षण वेगळं घ्या. गच्चीतून झिरपून भिंतीला धरलेली ओल आणि नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगाही येत नाहीत. शॉर्ट सर्किटने नुसता फ्रिज जळला तर फ्रिजचे पैसे नाहीत. त्या आगीने पडदे आणि ओटा जळला तर त्यांचे आहेत.

सोसायटीने इमारतीचा विमा काढला असेल तर सचिवांकडून शेड्यूलची प्रत मागा. तुमच्या फ्लॅटमधल्या सामानाचा त्यात समावेश नसतो.

प्रवास

इथे थोडक्यात. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं; अमेरिकेला अशी सक्ती नाही, पण तिथलाच दवाखाना सर्वांत महाग. मुलांकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांची पॉलिसी घेताना मोठ्या डॉलरच्या आकड्याकडे नाही, उपमर्यादांकडे बघा: वय ६०च्या वर असेल तर खोलीभाडं, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळी कमाल मर्यादा असू शकते. मधुमेह, बीपी अर्जात लिहाच. लिहूनही साध्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी जिवावर बेतलं तर स्थिर करण्यापुरताच खर्च मिळतो. गोळ्या सहा महिन्यांच्या सोबत न्या.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी एअरलाइनच्या काउंटरवर ‘पीआयआर’, म्हणजे बॅग न मिळाल्याची लेखी नोंद, करून घ्या. घरी जाऊन केलेला ईमेल त्याच्या जागी चालत नाही. पासपोर्ट हरवला तर तिथल्या पोलिसांचा अहवाल हवा.

रेल्वेचं ई-तिकीट काढताना ४५ पैशांचा विमा निवडता येतो: मृत्यूला १० लाख, दवाखान्यासाठी २ लाखांपर्यंत. तिकीट झाल्यावर येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरायचं असतं, ते राहून जातं.

क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागा आणि त्यात पॉलिसीच्या कलमाचा क्रमांक मागा. तो वाचून पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं मान्य नसेल तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारा कंपनीबाहेरचा अधिकारी. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, गोवा मुंबईकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई देता येते. मुदत मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची, म्हणून त्या पत्राचा लिफाफाही फेकू नका.