नवी डब रेकॉर्ड डीजे सेटमध्ये नेण्याआधी

पांढऱ्या कोऱ्या लेबलच्या बारा-इंची रेकॉर्डवर फिरण्याचा वेग (मिनिटाला ३३ की ४५ फेऱ्या) छापलेला असेलच असं नाही. गाणारा आवाज नसला की डब (रेगेतून आलेलं, बेसवर चालणारं संगीत) चुकीच्या वेगावरही बरा वाटतो, खरी फसगत इथेच होते. १४० बीपीएमचा (मिनिटाला १४० ठोके) ४५ वर कापलेला ट्रॅक ३३ वर लावला तर साधारण १०४ भरतो. उलट केलं तर १८९. बीपीएम मोजा आणि वेग स्टिकरवर लिहून कव्हरला चिकटवा.

मग टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे बघा. प्रत्येक फेरीत तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. सूर लहरतो, बीट जुळवून ठेवता येत नाही. वरून व्हिडिओ काढून लगेच बदली मागा.

जड बेसवर सुई उडत असेल तर सुईवरचं वजन कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाला न्या, त्यापलीकडे नाही. वर नाणं ठेवण्याचा जुगाड तर नकोच, खाचा झिजतात.

डिजिटल प्रत घेतली असेल तर मिक्सरवर मोनो (दोन्ही चॅनल एकत्र) करून ऐका. बऱ्याच साउंड सिस्टिमवर सबवूफर मोनोच चालतात. दोन्ही चॅनल उलट्या फेजमध्ये (एकाची लहर वर तेव्हा दुसऱ्याची खाली) असले की घरी घुमणारा बेस तिथे गायब होतो.