देवनागरीतली माझी मँडरिन

पहिले सहा महिने मी मँडरिन या चिनी भाषेचा प्रत्येक शब्द वहीत देवनागरीत उतरवून घेतला. प्रभूची प्रार्थना, माझी साक्ष (मी विश्वासात कशी आले ते), सुवार्तेचा अख्खा पाठ, सगळं. तुम्ही नुकतेच मिशनरी प्रशिक्षणात दाखल झाला असाल आणि तुमच्याकडेही अशी वही असेल, तर आजच ती मिटा. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

हा मोह आपल्यालाच का पडतो, ते सांगते. पिनयिन म्हणजे मँडरिन रोमन अक्षरांत लिहायची पद्धत. तिच्यातला ‘बी’ म्हणजे जवळपास आपला ‘प’ आणि ‘पी’ म्हणजे फळातला ‘फ’. ‘डी’ म्हणजे ‘त’, ‘टी’ म्हणजे ‘थ’. शिवाय चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ हे दोन्ही आपल्या जिभेवर लहानपणापासून असतात. वर्गात बाकीचे ज्या उच्चारांशी आठवडेच्या आठवडे झगडत होते, ते मला दोन दिवसांत जमले. शिक्षकांनी कौतुक केलं. मला वाटलं, देवाने माझी वाट आधीच सोपी करून ठेवली आहे.

पण मँडरिनचे टोन, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, देवनागरीत लिहिता येत नाहीत. वेदांच्या पोथ्यांत उदात्त-अनुदात्त स्वर दाखवणाऱ्या खुणा असतात, आपल्या रोजच्या लिहिण्यात नसतात. माझ्या वहीत ‘चू’ एकच होता. तिसऱ्या टोनमधला चू म्हणजे प्रभू आणि पहिल्या टोनमधला चू म्हणजे डुक्कर. मी रोज पहाटे गुडघे टेकून कुठला चू म्हणत होते, हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही.

अनुस्वाराने तर आणखी घात केला. बायबलला मँडरिनमध्ये जे म्हणतात ते ‘शंग्-चिंग’, पहिलं अक्षर चौथ्या टोनमध्ये, वरून खाली कोसळणारं. ‘शन्-चिंग’ म्हणजे मज्जातंतू, तिथे पहिलं अक्षर दुसऱ्या टोनमध्ये, वर चढणारं. मी दोन्ही शब्द ‘शंचिंग’ असेच लिहिले होते. मराठीत पुढे ‘च’ आला की अनुस्वार त्याच्याशी जुळवून घेतो, त्यामुळे न् आणि ङ् यांतला फरक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. टोन गेला, नाक गेलं, उरला एक शब्द.

मग सहा महिने हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? नीट वाचा, कारण खरा सापळा इथे आहे. प्रशिक्षणात आपण जे बोलतो ते ऐकणाऱ्याला आधीच पाठ असतं. प्रभूची प्रार्थना सुरू केली की पुढचा शब्द कोणता, हे शिक्षकांना माहीत असतं, खोलीतल्या सोबतिणीला माहीत असतं. तुमचा टोन चुकला तरी त्यांचं मन तो दुरुस्त करून ऐकतं. तुम्ही बोलता अर्धं, उरलेलं अर्धं ते भरतात, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला भाषा येते.

आमच्याकडे संभाषणाच्या सरावासाठी एक विद्यार्थिनी यायची. ती ख्रिस्ती नव्हती. मी तिला म्हणाले, मला तुझ्याशी बायबलबद्दल बोलायचंय. तिने काळजीने काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही. पाठ केलेल्या क्रमात पुढचं वाक्य होतं ‘येशू तुझ्यावर प्रेम करतो’, ते मी म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, या वेळी माझ्या हातावर हात ठेवून. मी त्याच्या पुढचं वाक्य म्हटलं. नंतर शिक्षिकेने सांगितलं, ती विचारत होती, तुला बरं वाटत नाहीये का? मी मज्जातंतूंबद्दल बोलतेय असं तिने ऐकलं होतं. ती मुलगी माझी विचारपूस करत होती आणि मी तिला प्रेमावरचं पाठांतर ऐकवत होते. ही गोष्ट मला अजून टोचते, कारण चूक फक्त उच्चाराची नव्हती. तिचं उत्तर ऐकायची माझी तयारीच नव्हती.

घाबरू नका. हे सुधारतं. माझं सुधारलं.

शब्द सुटा शिकू नका, जोडीने शिका. चार टोन आणि पाचवा हलका, जो जोडीत पहिला येत नाही, यांच्या दोन अक्षरी जोड्या वीसच होतात. प्रत्येक जोडीला ओळखीचा एक शब्द पक्का केला की नवा शब्द त्याच्या चालीवर बसवता येतो. तिसऱ्या टोनचं दरीसारखं चित्र पुस्तकात असतं, त्याने मला फार छळलं. ओघात बोलताना तो बहुतेक वेळा फक्त खाली बसतो, वर येत नाही. दोन तिसरे टोन लागोपाठ आले की त्यांतला आधीचा दुसऱ्या टोनसारखा वर चढतो. आणि फोनच्या व्हॉइस टायपिंगवर स्वतःला तपासा, पण अख्खं वाक्य बोलू नका. वाक्यात फोनही तुमच्या शिक्षकांसारखाच अंदाज बांधतो. दोन अक्षरांचा एकच शब्द बोला आणि पडद्यावर काय उमटतं ते बघा.

इटालियन जेझुइट मिशनरी मातेओ रिची १५८२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊला पोचले. १५९८ मध्ये बीजिंगहून परतताना नावेतल्या प्रवासात त्यांनी आणि सोबत्यांनी शब्दसंग्रह तयार केला. त्या सोबत्यांपैकी संगीत जाणणाऱ्या लाझारो कात्तानेओ यांनी कान लावून पाच टोन वेगळे केले आणि त्यांच्यासाठी खुणा ठरवल्या. चारशे वर्षांपूर्वी या वाटेने गेलेल्यांनी आधी खुणा केल्या आणि मी त्याच गाळल्या, हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत ठाम आहे. जो तुम्हाला पहिल्या महिन्यात साक्ष पाठ करायला लावतो आणि मंडळीसमोर उभं करतो, त्याचा हेतू चांगला असतो, पण तो तुमचं नुकसान करतो. वाक्यामध्येच थांबवणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका. तीन महिन्यांत अस्खलित करू म्हणणाऱ्यांकडे वळूनही बघू नका. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था मँडरिनसाठी ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २,२०० तास धरते. आपल्याला त्यातून उपासना, सेवेची कामं आणि घरची पत्रं यांसाठीही वेळ काढायचा असतो.

एक गोष्ट मात्र कुणी काही म्हणो, माझं ऐका. आमच्याकडे खासगी प्रार्थनाही मँडरिनमध्येच करा असा आग्रह होता. मी तो पाळला आणि आतून सुकत गेले. तीनशे शब्दांत पश्चात्ताप करता येत नाही. रात्रीची प्रार्थना मराठीत करा. देवाला तुमचा सराव नको असतो.

कुठे जाणार, हेही आधीच नीट विचारून घ्या. चीनमध्ये परदेशी माणसाने लोकांना अनुयायी करून घेणं कायद्याने मना आहे. पर्यटक म्हणून जाऊन बघू असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. त्याची किंमत तिथल्या विश्वासणाऱ्यांना मोजावी लागते. माझी तयारी तैवानसाठी आहे. तिथे लिपी जुनी, पारंपरिक, आणि मुलं उच्चार शिकतात ते झूयिनच्या ३७ चिन्हांनी. मी आता तीच चिन्हं वापरते. त्यांत टोनही दाखवलेला असतो आणि न्-ङ् वेगळे दिसतात.

जुनी वही फाडली नाही. रोज सकाळी तिचं एक पान घेते, त्यातला प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणते, टोन तपासते, नव्या वहीत खुणेसह लिहिते आणि जुन्यावर रेघ मारते. चाळीसेक पानं उरली आहेत. ती विद्यार्थिनी अजून येते. गेल्या आठवड्यात मी बायबलचा विषय काढलाच नाही. तिच्या आजीचं ऑपरेशन झालंय, त्याबद्दल ती बराच वेळ बोलली. अर्ध्याहून जास्त मला कळलं, आणि जे कळलं नाही ते मी पुन्हा विचारलं.