एस्टावर अमेरिकेला जाताय? नव्वद दिवसांच्या या चुका टाळा

एस्टा म्हणजे व्हिसा माफी असलेल्या देशांच्या पासपोर्टवर अमेरिकेला जाण्यासाठी ऑनलाइन घ्यायची परवानगी. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत बिनव्हिसा जाता येत नाही. व्हिसा माफीच्या यादीत चाळीसहून अधिक देश आहेत, पण त्यात भारत नाही. त्यामुळे हे मुख्यतः लंडन, सिंगापूर, मेलबर्नकडे स्थायिक होऊन तिथला पासपोर्ट घेतलेल्या मराठी मंडळींसाठी. भारतीय पासपोर्टवाल्या आईबाबांकडे शेवटी येतो.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘एस्टा दोन वर्षांचा आहे, मग घाई कसली?’ एस्टा ही विमानात बसण्यापुरती परवानगी. राहायला मिळतात ते जास्तीत जास्त ९० दिवस, आणि नेमकी तारीख ठरते ती विमानतळावर अधिकारी नोंद करतो तेव्हा. ती तारीख ‘आय-९४’ या प्रवेशाच्या नोंदीत असते. सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकला की दिसते. पोहोचल्यावर जेटलॅगमुळे पहाटे तीनला जाग येतेच, तेव्हा चहा ठेवून तेवढं बघून घ्या. तारीख चुकीची पडली असेल, तर लगेच दुरुस्त करून घेणं सोपं जातं. मुदत संपल्यावर कोण ऐकणार?

नव्वद दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ जुलैला उतरून ३० सप्टेंबरचं परतीचं तिकीट काढलंत, तर ते ९२ दिवस होतात. मुलांच्या सुट्ट्या आणि स्वस्त तिकीट यांच्या नादात ही चूक हमखास होते.

दुसरी पळवाट नायगाराची. ‘पलीकडे कॅनडात दोन रात्री काढू, परत येताना नवे नव्वद मिळतील.’ मिळत नाहीत. कॅनडा, मेक्सिको किंवा कॅरिबियन बेटांवर जाऊन आलात तरी साधारणपणे जुनाच हिशोब पुढे चालू राहतो. उलट, अमेरिकेतून रस्त्याने कॅनडात शिरून टोरांटोहून घरी उडालात, तर अमेरिका सोडल्याची नोंद राहून जाऊ शकते. अशा वेळी बोर्डिंग पास आणि कॅनडाचा शिक्का जपून ठेवा.

आता बाळंतपण. लेक न्यू जर्सीत, आई लंडनला, पासपोर्ट ब्रिटिश. ‘आई एस्टावरच येईल, तीन महिने पुरतील.’ तारखेच्या तीन आठवडे आधी आई पोहोचते, बाळ आठवडाभर उशिरा येतं, सिझेरियन होतं, बारसं लांबतं, आणि ‘अजून पंधरा दिवस थांब ना गं’ सुरू होतं. इथेच व्हिसा माफीची खरी किंमत कळते. या सवलतीत मुदतवाढ नाही. तिथल्या तिथे दुसऱ्या प्रकारच्या व्हिसावर जाता येत नाही. एवढंच नव्हे, परत पाठवायचं ठरलं, तर आश्रयाचा दावा वगळता न्यायाधीशासमोर बाजू मांडायचा हक्क आपण येतानाच सोडून दिलेला असतो. माझं स्पष्ट मत: मुक्काम अडीच महिन्यांच्या पुढे जायची शक्यता असेल, तर एस्टाचा मोह सोडा आणि रीतसर बी-२, म्हणजे पर्यटकांचा व्हिसा काढा. त्यावर सहसा सहा महिने मिळतात आणि गरज पडल्यास मुदतवाढ मागता येते. मात्र अर्ज नीट तयारीने करा. व्हिसा नाकारला गेला, तर एस्टाच्या अर्जातही ते सांगावं लागतं आणि बहुतेक वेळा तोही हातचा जातो.

मुदत संपत आली आणि आई हॉस्पिटलमध्ये आहे किंवा वादळाने विमानं बंद आहेत, तर? गप्प बसू नका. मुदत संपायच्या आत यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याशी संपर्क साधा. खरीच अडचण असेल, तर निघण्यासाठी ३० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. कागद हवेत: डॉक्टरांचं पत्र, रद्द झालेल्या विमानाचा ईमेल.

आणि मुदत उलटूनच गेली असेल, तर पहिल्या विमानाने निघा. एक दिवस जास्त झाला तरी व्हिसा माफी यापुढे मिळत नाही. दर वेळी वकिलातीत व्हिसाच मागावा लागतो. मुदत संपल्यानंतर १८० दिवसांहून जास्त राहिलात की बाहेर पडल्यावर तीन वर्षांची प्रवेशबंदी, वर्षभर राहिलात तर दहा वर्षांची. पुढच्या मुलाखतीत कारण विचारतील, तेव्हा जे घडलं तेच सांगा. नोंद त्यांच्या स्क्रीनवर असते.

एस्टाचा अर्ज सरकारी संकेतस्थळावरच भरा. पत्ता ‘डॉट गव्ह’ने संपतो. गूगलवर वर दिसणाऱ्या बऱ्याच जागा मध्यस्थांच्या असतात आणि अवाच्या सवा पैसे घेतात. क्युबाला सुट्टीसाठी जाऊन आला असाल, तर आधी नियम तपासा. १२ जानेवारी २०२१ नंतर तिथे गेलेल्यांना ही सवलत साधारणपणे मिळत नाही.

भारतातून बी-२वर येणाऱ्या आईबाबांचा घोटाळा वेगळा, पण जात तीच. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा दिसतो आणि तीच मुदत वाटते. त्यांचीही खरी तारीख आय-९४चीच. जास्त राहायचं असेल, तर त्या तारखेच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज भरा. अर्ज न करता एक दिवस जरी जास्त काढला, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो आणि मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीत सगळं पहिल्यापासून करावं लागतं.