स्वस्तातली मोठी ऑर्डर: हिशोबातल्या या चुका टाळा

सोलापुरातला टॉवेलचा एक कारखाना धरा. आकडे समजण्यापुरते आहेत. क्षमता महिन्याला १५,००० नग, नेहमीचे व्यापारी १२० रुपये भावाने १२,००० उचलतात. एका नगाला सूत ५८, रंगाई १४, नगावरची मजुरी १२, वीज-पॅकिंग ४, असे ८८ रुपये लागतात. भाडे, मुकादमाचा पगार, कर्जाचे व्याज मिळून महिन्याचे २,४०,००० ठरलेले. आता एक हॉटेल १०० रुपयांनी ३,००० टॉवेल मागते.

पडतळ बघून नकार देणे

‘आमची पडतळच १०८ची, १००ला कसं परवडणार?’ हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येते. पडतळ म्हणजे एका नगाला पडणारा सगळा खर्च: ८८, अधिक २,४०,००० भागिले १२,००० म्हणजे २०. ते २० रुपये भाड्या-पगाराचे आहेत, आणि ऑर्डर घेतली नाही तरी ते जाणारच. बघायचे ते कॉन्ट्रिब्यूशन, म्हणजे भावातून त्या नगाला लागणारा खर्च वजा करून उरते ते: १०० वजा ८८, म्हणजे नगाला १२. तीन हजार नगांवर ३६,००० रुपये. हॉटेलचे नाव विणायच्या डिझाइनला ९,००० लागले, तरी २७,००० हातात राहतात.

माग रिकामे आहेत का, हे न बघणे

माझ्या मते खरा पैसा इथेच बुडतो. हॉटेल म्हणाले, ‘३,००० नको, ५,००० द्या, पण याच महिन्यात.’ मालक खूश! कॉन्ट्रिब्यूशन ६०,०००, डिझाइनचे ९,००० वजा करून ५१,०००. पण मोकळी क्षमता ३,०००चीच. उरलेल्या २,००० नगांसाठी नेहमीच्या व्यापाऱ्यांचा माल थांबवावा लागेल, आणि तिथे नगाला ३२ रुपये सुटतात. म्हणजे ६४,००० गेले. ऑर्डर मोठी झाली आणि १३,०००चा खड्डा पडला. हे भरून निघायला भाव किमान १०२ रुपये ६० पैसे हवा. त्यापेक्षा माल दोन महिन्यांत २,५००-२,५०० असा द्यायचे ठरवा. मग १००चा भावही चालतो.

मजुरी तपासून घ्या. कारागीर महिन्याच्या पगारावर असेल आणि त्याला वेळ असेल, तर ते १२ रुपये या ऑर्डरचे नाहीतच. उलट जादा पाळी लावावी लागली, तर १२चे किती होतील ते आधी विचारा. हॉटेलपर्यंतचे भाडे कोण देणार, हेही. जीएसटी मात्र मिळकतीत धरू नका.

भाव फुटणे

व्यापाऱ्यांना १००चा भाव कळला आणि त्यांनी नगाला फक्त ३ रुपये कमी करून घेतले, तर १२,००० नगांवर महिन्याला ३६,००० जातात. ३,०००च्या ऑर्डरचे सगळे कॉन्ट्रिब्यूशन तेवढेच होते. म्हणून नाव विणलेला, मापात वेगळा माल बरा. तो बाजारात तुलनेला येत नाही. आणि हाच गिऱ्हाईक दर महिन्याला येऊ लागला, तर त्याला १००वर ठेवू नका. भाड्याचा वाटा कधीतरी त्यानेही उचलायला हवा.

उधारी

सूत रोखीने आणि हॉटेलचे पैसे तीन महिन्यांनी, असे असेल तर १२ रुपयांतून व्याज वजा करा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५. ऑर्डरच्या कागदावर मुदत लिहून घ्या.