गाईचा न्यूमोनिया: ताप उतरला म्हणजे गाय बरी झाली नाही

चार वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने बाजारातून पहिलारू गाय आणली, रात्रभर टेम्पोत उभी करून. तिसऱ्या दिवशी ताप 105, धाप, नाकाला शेंबूड. मी पोचायच्या आधीच कुणीतरी स्टिरॉइड टोचून गेलं होतं. मी प्रतिजैविक सुरू केलं, पाच दिवस चुकवू नका म्हणालो. संध्याकाळी गाय वैरण खायला लागली. "डॉक्टर, आता चांगली हाय की," म्हणून दुसऱ्याच दिवशी औषध बंद. पाचव्या दिवशी मान ताणून, तोंड उघडं टाकून श्वास घेत होती. रात्री गेली. शवविच्छेदनात फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग यकृतासारखा घट्ट, वर पिवळा पापुद्रा.

अशा न्यूमोनियात बहुतेक वेळा सापडणारा जंतू मॅनहाइमिया हिमोलिटिका. तो निरोगी गाईच्या नाकाघशातही असतो. प्रवासाच्या ताणाने पांढऱ्या पेशी मंदावल्या की खाली फुप्फुसात उतरतो. त्याचं विष रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पांढऱ्या पेशीच फोडतं, आणि फुटलेल्या पेशींतली विकरं फुप्फुस पोळून काढतात. पेशी धावून येतात, फुटतात, नासाडी वाढते. म्हणून पहिला दिवस लाखमोलाचा. स्टिरॉइडने ताप झाकतो, पण लढणाऱ्या पेशीही दबतात. मी ताप-सुजेसाठी मेलॉक्सिकॅम हे स्टिरॉइड नसलेलं औषध देतो. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला स्टिरॉइड दिलं तर ती गाभडू शकते, हे टोचणाऱ्याला माहीत नको?

गोठा चारही बाजूंनी गोणपाटाने बंद करू नका. मुताच्या वाफेने श्वासनळीतली धूळ-जंतू बाहेर लोटणारी केसाळ झाडणी निकामी होते. मी गव्हाणीपाशी उकिडवा बसतो. डोळे चुरचुरले की आधी वरची झडप उघडायला लावतो.

जीभ ओढून, मान वर करून तेल पाजू नका. ते थेट फुप्फुसात जातं.

घटसर्पाची (घसा सुजून गाई-म्हशी दगावतात त्या रोगाची) लस पावसाच्या आधी, मे महिन्यात. साथ आल्यावर टोचली तर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. शिवाय ती पाश्चुरेला मल्टोसिडा या वेगळ्या जंतूवरची लस; वरच्या गाईला तिने वाचवलं नसतं.

विकत आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. कानाला हात लावून नव्हे, थर्मामीटरने, गुदद्वारात. साधारण 101.5 असतो. 103 च्या वर गेला की तेव्हाच फोन करा, खाणं सुटायची वाट पाहू नका.