एका कॅम्पसचं आयटी धोरण दुसऱ्या कॅम्पसच्या कामी कसं आणावं

दुसऱ्या कॅम्पसकडून आयटी धोरणाची वर्ड फाइल मागवा, ‘फाइंड अँड रिप्लेस’ने नाव बदला आणि बैठकीत ठेवा, हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. त्याने मंजुरी मिळते, अंमलबजावणी मात्र होत नाही. सहा महिन्यांनी एखादं खातं हॅक होतं, कोणीतरी कलम उघडून वाचतो, तर त्यात ‘मुख्य माहिती सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवावे’ असं लिहिलेलं. त्या कॅम्पसवर ते पदच नसतं. तळटिपेत अजून जुन्या विद्यापीठाचं नाव असतं ते वेगळंच.

मंजूर प्रती गोळा झाल्या आहेत, देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बाजूंनी एकेक जबाबदार माणूस नेमला आहे, हे गृहीत धरून पुढचं.

१. सुरुवात कायद्याशी कमी गुंतलेल्या धोरणांपासून करा

संगणक व नेटवर्कचा वापर, खाती आणि पासवर्ड, बॅकअप, जुन्या उपकरणांची विल्हेवाट ही चार आधी घ्या. वैयक्तिक माहिती, नोंदी जपण्याची मुदत आणि सुरक्षाभंगाची खबर ही धोरणं नंतर, कारण तिथे प्रत्येक देशाचा कायदा आडवा येतो. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहितीच्या भंगाची खबर नियामकाला ७२ तासांत द्यायची असते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. ७२चा आकडा जसाच्या तसा उतरवून घेणारा भारतीय कॅम्पस स्वतःच्याच धोरणाने अडचणीत येतो.

२. परवाना लिहून घ्या

‘वापरा की, आपलीच माणसं’ एवढ्यावर भागवू नका. देणाऱ्याने धोरणावर क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० परवाना टाकला की श्रेय देऊन बदल करता येतात आणि बदललेली प्रत पुढेही देता येते. ‘नो-डेरिव्हेटिव्ह्ज’वाला परवाना इथे बिनकामाचा, कारण बदललेली प्रत वाटण्याची त्यात मुभाच नाही आणि धोरण बदलल्याशिवाय बसत नाही.

३. धोरण सोलणं: सगळा घोळ इथे होतो

बहुतेक कॅम्पसच्या एकाच कागदात चार वेगळ्या गोष्टी कालवलेल्या असतात. काय पाळायचं आणि का, हे धोरण. किती, कधी, कोणत्या पातळीचं, हे मानक. कोणी कुठे जाऊन काय करायचं, ही कार्यपद्धती. आणि जमलं तर असं करा, हे मार्गदर्शन. पहिलं वर्षानुवर्षं टिकतं, दुसरं तंत्रज्ञानाबरोबर बदलतं, तिसरं खुर्ची बदलली तरी बदलतं. यातलं पहिलं सहज वाटता येतं, दुसरं थोडं तपासून. तिसरं कधीच जसंच्या तसं देऊ नये.

एक कलम घेऊ. असं कलम कुठल्याही धोरणात सापडेल: ‘सर्वांनी आपला पासवर्ड दर ९० दिवसांनी बदलावा. पासवर्ड विसरल्यास मुख्य इमारतीतील संगणक केंद्रात ओळखपत्र दाखवून उपसंचालकांच्या सहीने नवीन घ्यावा.’

दोनच वाक्यं, पण त्यात नियम, आकडा, जागा, पुरावा आणि पद असं सगळं अडकलं आहे. दूरशिक्षणाच्या कॅम्पसवरचा विद्यार्थी मुख्य इमारतीत येणार नाही. म्हणजे त्या कॅम्पसवर हे कलम पहिल्या दिवसापासून मोडलं जाणार आणि मोडलं जातंय हे सगळ्यांना माहीत असणार. ९० दिवसांचा आकडाही शिळा आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७च्या ८००-६३बी या दस्तऐवजातच सांगितलं, की ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. तो फुटल्याचा पुरावा मिळाला तर मात्र बदलायलाच लावावा. सक्तीने बदलायला लावलं की लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटी १, मग २ लावतात.

सोलल्यावर धोरणात एवढंच उरतं: ‘पासवर्ड गुप्त ठेवणे प्रत्येक खातेधारकास बंधनकारक आहे. पासवर्ड पुन्हा देण्यापूर्वी खाते व्यवस्थापकाने खातेधारकाची ओळख पटवणे बंधनकारक आहे.’ किमान लांबी आणि कधी बदलायचा, हे मानकात. ओळख कोण पटवणार, कुठे, कोणत्या पुराव्यावर, हे ‘स्थानिक पान’ नावाच्या वेगळ्या कागदावर. आकडा मानकात ठेवण्यामागे आणखी एक व्यवहार आहे. धोरण व्यवस्थापन परिषद मंजूर करते, मानक आयटी समिती करू शकते. ८ अक्षरांची १२ करायला परिषदेच्या पुढच्या बैठकीची वाट पाहावी लागत असेल तर आकडा चुकीच्या कागदावर आहे.

पदनामं मूळ मजकुरातून काढाच. त्यांच्या जागी भूमिका लिहा: खाते व्यवस्थापक, घटना समन्वयक, धोरणाचा मालक. स्थानिक पानावर प्रत्येक भूमिकेसमोर आपल्याकडचं पद लिहायचं. व्यक्तीचं नाव तिथेही नको, ती निवृत्त होते. इथे एक खड्डा आहे. लहान कॅम्पसवर हे पान भरताना सगळ्या भूमिकांसमोर एकच पद येतं, आणि मग अपवाद मंजूर करणारा आणि त्या अपवादांचा आढावा घेणारा माणूस एकच होतो. या दोन भूमिका एका व्यक्तीकडे नसाव्यात, हे मूळ मजकुरातच बंधनकारक करा. माणूस नसेल तर आढाव्यापुरता शेजारच्या कॅम्पसचा घ्यावा. धोरणाची देवाणघेवाण चालूच आहे, तर माणसाचीही होऊ द्या.

दुसरा खड्डा लोंबकळत्या संदर्भांचा. ‘माहिती वर्गीकरण धोरणानुसार’ असं लिहिलेलं असतं आणि घेणाऱ्याकडे ते धोरणच नसतं. ‘परिशिष्ट ब पाहा’ असतं, परिशिष्ट ब फाइलमध्ये नसतं. पाठवण्याआधी मजकुरात ‘धोरणानुसार’, ‘परिशिष्ट’, ‘वर नमूद’, ‘संबंधित समिती’ आणि ‘सक्षम प्राधिकारी’ हे शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणी तीनच पर्याय आहेत: तो दुसरा कागद सोबत द्या, लागणारी व्याख्या इथेच लिहा, किंवा कलम काढा. ‘यथावकाश उपलब्ध करून देण्यात येईल’ हा चौथा पर्याय नव्हे.

तिसरा खड्डा क्रियापदांचा. आरएफसी २११९ या १९९७च्या छोट्याशा दस्तऐवजाने इंटरनेटच्या मानकांसाठी सक्तीच्या पातळ्या ठरवून दिल्या. तीच शिस्त इथे चालते. बंधनकारक, अपेक्षित, ऐच्छिक हे तीनच शब्द ठेवा आणि पहिल्या पानावर त्यांचा अर्थ द्या. ‘अपेक्षित’ म्हणजे न पाळल्यास कारण लेखी द्यायचं. ‘शक्यतो’, ‘योग्य ती काळजी’, ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द दिसतील तिथे खोडा. एकाच कॅम्पसवर ते खपून जातात, कारण तिथल्या लोकांना त्यामागची प्रथा माहीत असते. ती प्रथा फाइलबरोबर जात नाही.

स्थानिक पानाची लांबी हीच सोलण्याची परीक्षा. ते एका पानात मावलं पाहिजे. दोनच्या वर गेलं तर एक तर मूळ मजकूर नीट सोललेला नाही, नाही तर या दोन कॅम्पसनी हे धोरण वाटून घेण्यात अर्थ नाही. दुसरं खरं असेल तर ते मान्य करून थांबावं. स्थानिक पानाने मूळ कलम सैल करता कामा नये. रिकाम्या जागा भरायच्या किंवा अट कडक करायची, एवढीच मोकळीक. सैल करायचंच असेल तर अपवाद नोंदवही: कलम क्रमांक, कारण, मंजूर करणारी भूमिका, संपण्याची तारीख. १२ महिन्यांपेक्षा लांबचा अपवाद देऊ नका. बेमुदत अपवाद म्हणजे मागल्या दाराने केलेली दुरुस्ती.

सोलून झालं की मजकूर आणि कोरं स्थानिक पान अशा माणसाच्या हाती द्या, ज्याने मूळ धोरण पाहिलेलं नाही. पान भरताना त्याला जिथे फोन करून विचारावं लागेल, तिथे अजून काहीतरी स्थानिक चिकटून राहिलं आहे.

४. क्रमांक कायम ठेवा

कलम ४.३ रद्द झालं तर ४.४ला ४.३ करू नका, ‘४.३ – रद्द’ असं राहू द्या. दुसऱ्या कॅम्पसचे अर्ज, अपवाद आणि प्रशिक्षणाच्या स्लाइड त्याच क्रमांकांवर उभ्या असतात.

आयएसओ २७००२ हे माहिती सुरक्षेच्या उपायांचं (‘नियंत्रणां’चं) आंतरराष्ट्रीय मानक. प्रत्येक कलमाला त्यातला नियंत्रण क्रमांक जोडला तर वेगवेगळ्या कॅम्पसची धोरणं शेजारी ठेवून तुलना करता येते. आवृत्तीचं वर्ष मात्र लिहाच. २०१३च्या आवृत्तीत ११४ नियंत्रणं होती, २०२२च्या आवृत्तीत ९३ आहेत आणि क्रमांक सगळे बदलले आहेत. बॅकअप तेव्हा १२.३.१ होता, आता ८.१३ आहे. वर्ष न लिहिलेला तक्ता चुकीच्या कलमाकडे बोट दाखवतो, आणि ते लेखापरीक्षक आल्याशिवाय लक्षातही येत नाही.

५. मूळ प्रत एकाच जागी, तीही बदलता येणारी

पीडीएफ मंजूर प्रतीसाठी. कामाची प्रत साध्या मजकुरात गिटवर (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) किंवा वर्डमध्ये. ईमेलला जोडून फाइल पाठवू नका, दुवा पाठवा. जोडलेल्या फाइलच्या महिन्याभरात तीन आवृत्त्या होतात आणि तिन्हींच्या नावात ‘फायनल’ असतं. आवृत्ती क्रमांकाचा नियम साधा ठेवा: जबाबदारी बदलली तर पहिला आकडा (२.१चं ३.०), फक्त भाषा सुधारली तर दुसरा (२.१चं २.२). घेणाऱ्याला निव्वळ आकड्यावरून कळतं की हे परिषदेकडे न्यायचं की नाही. वर्डची फाइल बाहेर देण्याआधी ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवा. जुने शेरे, खोडलेली वाक्यं आणि लेखकाचं नाव त्यात राहून जातं.

६. काय द्यायचं नाही तेही ठरवा

धोरण जाहीर असावं. कार्यपद्धतीतले आयपी पत्ते, फायरवॉलचे नियम आणि रात्रपाळीचे मोबाइल क्रमांक नसावेत. घटना हाताळणीचे कागद द्यायचे असतील तर ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉलची, म्हणजे माहिती कुणापर्यंत जाऊ द्यायची हे रंगांनी सांगणारी, खूण वरच लावा. २०२२च्या २.० आवृत्तीत लाल, अंबर, हिरवा आणि क्लिअर अशा खुणा आहेत. लाल फक्त समोरच्या ठरावीक व्यक्तींसाठी, हिरवा आपल्या समुदायापुरता, क्लिअर सर्वांसाठी. अंबर म्हणजे घेणाऱ्या संस्थेत आणि तिच्या सेवाग्राहकांत, तेही गरज असेल त्यालाच. संस्थेबाहेर मुळीच जाऊ द्यायचं नसेल तर ‘अंबर+स्ट्रिक्ट’ लिहा.

७. मंजुरी ज्याची त्याने

ठरावात आवृत्ती क्रमांक लिहून घ्या. ‘मुख्य कॅम्पस वेळोवेळी करेल त्या बदलांसह’ हे शब्द ठरावात येऊ देऊ नका. न वाचलेल्या मजकुराला दिलेली ती मंजुरी ठरते.

८. पाहुणे वापरकर्ते

एका कॅम्पसचा विद्यार्थी दुसऱ्याचं वायफाय वापरतो तेव्हा कोणतं धोरण लागू, हे दोन्हीकडे मोघम सोडलेलं असतं. एड्युरोमने (आपल्या संस्थेच्या खात्यावर दुसऱ्या संस्थेचं वायफाय वापरू देणारी सेवा) जी विभागणी केली आहे ती इथेही धरा: ओळख घरची संस्था पटवते, नेटवर्क यजमान संस्था देते. तक्रार आली की यजमानाकडे असतं की अमुक वेळी अमुक आयपी पत्ता कोणत्या उपकरणाला दिला होता. तो माणूस कोण, हे घरच्या संस्थेकडे. दोन्ही नोंदी जुळल्या तरच नाव निघतं. त्यासाठी दोन्हीकडची घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून संगणकांची वेळ जुळवण्याची पद्धत) जुळलेली हवीत आणि नोंदी जपण्याची मुदत सारखी हवी. यजमान ९० दिवस जपतो आणि घरची संस्था ३०, तर ४५व्या दिवशी आलेली तक्रार तिथेच संपते. ही मुदत एकट्या कॅम्पसच्या स्थानिक पानावर सोडू नका. सामाईक मानकात ठेवा आणि नोंदी मागायच्या कोणी, द्यायच्या कोणी, किती दिवसांत, तेही तिथेच लिहा.

९. वर्षातून एकदा अपवाद नोंदवह्या एकत्र उघडा

एकाच कलमावर दोन-तीन कॅम्पसनी अपवाद घेतले असतील तर दोष कलमात आहे. नवा मसुदा अपवाद घेणाऱ्यांकडूनच लिहून घ्या, पहिला आकडा वाढवा आणि जुने अपवाद त्याच दिवशी बंद करा.