आजींचं लुगडं खराब होतंय? आधी खडा तपासा

इंदूरकर घरांत आजींना नकळत पातळ शौच झालं की लगेच जुलाब थांबवायची गोळी दिली जाते. थांबा. म्हातारपणी बरेचदा आत वाळलेल्या शौचाचा खडा अडकलेला असतो नि त्याच्या कडेनं पाणी झिरपतं; गोळीनं तो आणखी घट्ट बसतो. संकोच सोडून डॉक्टरांकडून गुदद्वाराची बोटानं तपासणी करवून घ्याच. खडा निघेपर्यंत इसबगोल नको. खडा नसेल तर आजींची चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनंही पोट सैल होतं. सकाळच्या पोहे-चहानंतर 20-30 मिनिटांनी, पायांखाली पाट ठेवून कमोडवर बसवा. गुदद्वार आवळून 5 सेकंद धरायचं, 10 वेळा, दिवसातून तीनदा. फरक दिसायला महिने लागतात. कातडीला झिंक ऑक्साइडचं मलम, पातळच. रक्त पडलं तर लवकर दाखवा. पाय अचानक लुळे पडले तर तडक इस्पितळात.